‘मीच काऊन?’ : मंगळसूत्र हिसकावण्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

या प्रकरणातल्या कोणाचंही नाव इथे नाही, बदललेलंही नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाची, ओळख उघड करू देत नाही, हे एक कारण. शिवाय अनुभव असा की नावं बदलली तरी वस्तीतले लोक माणूस बरोबर ओळखतात. म्हणून एक काकू आणि एक मुलगा. वस्ती दक्षिण नागपुरातली, रिंग रोडच्या आतली. काही तपशील मुद्दाम हलवले आहेत. या दोघांची समोरासमोर भेट घडवण्याच्या कामात मी समुपदेशक म्हणून पहिल्यापासून होते.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ५४. घरून २२ डबे जायचे, बहुतेक बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांचे. दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते. सकाळी सव्वासहाला दुधाच्या पिशव्या घेऊन त्या परतत होत्या. मागून मोटारसायकल आली आणि मागे बसलेल्याने मंगळसूत्राला हात घातला. काकूंनी ते घट्ट धरलं. ओढाताणीत त्या पडल्या, डावं मनगट मोडलं. एक वाटी आणि थोडे काळे मणी मुठीत राहिले, बाकीचं गाडीबरोबर गेलं.

नऊ दिवसांनी दोघंही सापडले. गाडी चालवणारा २१ वर्षांचा, मागे बसलेला १७ चा. मंगळसूत्र तोवर वितळवून झालं होतं. मुद्देमाल म्हणून सोन्याची एक छोटी लगड जप्त झाली आणि पुढे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटल्यात लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, काकूंना मिळाली. ती हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, “हे सोनं होय, माझं मंगळसूत्र नोहे.” ती लगड त्यांनी डाळीच्या डब्यात ठेवून दिली.

सोबत प्रौढ आरोपी असल्यामुळे रीतसर एफआयआर झाला, पण खटले दोन झाले. बालक आणि प्रौढ यांची सुनावणी एकत्र चालवता येत नाही. मोठ्याचं प्रकरण नेहमीच्या न्यायालयात गेलं, लहान्याचं बाल न्याय मंडळापुढे. गुन्हा दुखापत करून केलेल्या जबरी चोरीचा धरला गेला; त्याला भारतीय न्याय संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, मात्र किमान शिक्षा ठरवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आणि २०२१ ची दुरुस्ती, यांमुळे असे गुन्हे बाल न्याय कायद्यात ‘गंभीर’ गटात मोडतात, सगळ्यात वरच्या ‘निर्घृण’ गटात नाही. म्हणून १७ वर्षांच्या या मुलाला प्रौढ समजून खटला चालवायचा का, हा प्रश्न इथे उठलाच नाही. तीन आठवडे निरीक्षणगृहात राहून तो जामिनावर आईकडे परतला.

काकूंच्या मुलाला हे पटणं शक्यच नव्हतं. “सतरा वर्षांचा आहे म्हणून सुटला, आणि आईचा हात?” असं तो प्रत्येक भेटीत विचारायचा. त्याला कलमं समजावण्यात मी बराच वेळ घालवला. त्याला कलमं नको होती.

अडचण

हाड सहा आठवड्यांत जुळलं. डबे मात्र सुरू होईनात. पोळ्या लाटता येत नव्हत्या हे खरं, पण लाटायला बाई ठेवता आली असती. काकू भाजी आणायलाच बाहेर पडत नव्हत्या. वेणी घालता येत नाही म्हणून त्यांनी केस कापून टाकले होते. मागून गाडी आली की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, तेही घराच्या अंगणात.

त्या क्षणातलं त्यांना एकच दिसलं होतं: एक हात, मनगटावर लाल-पिवळा धागा. चेहरा दिसलाच नव्हता. त्यामुळे त्या सगळ्यांचे हात बघायच्या. पूर्वी डबा घ्यायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातात तसाच धागा होता. त्यानेच आपली वेळ आणि रस्ता कोणाला तरी सांगितला, असं त्यांच्या मनाने घेतलं. गुन्हा करणारे सापडल्यावरही हा संशय गेला नाही. त्या पोराला त्यांनी कारण न सांगता कळवलं की डबे पुन्हा सुरू झाले तरी तुझा डबा बंद.

डिसेंबरात विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेविकेजवळ त्या बोलल्या, “मले भरपाई-गिरपाई नंतर पाहू. त्या पोराले एक विचारता येईल का, मीच काऊन?” पुढचं सगळं या एका वाक्यातून सुरू झालं. पीडितांसाठी म्हणून आखलेल्या कामात पहिली हाक बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने येते: वकील, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, नाहीतर आई. इथे ती काकूंनी दिली होती.

मंडळापुढे पीडिताची जागा साक्षीदाराची. काय घडलं ते त्याने सांगायचं. त्याला स्वतःला काय विचारायचं आहे, यासाठी त्या कामकाजात खुर्ची नाही.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे काकूंचं समुपदेशन करायचं, पीडित भरपाई योजनेखाली अर्ज करायचा आणि मुलाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. अर्ज आम्ही केलाच, तो मार्ग वेगळा आहे आणि कशावरही अवलंबून नाही. पण काकूंचा प्रश्न समुपदेशनाने सुटणारा नव्हता, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “तुम्हाला कोणी हेरलं नसेल” असं मी म्हटलं असतं तर ती नुसती समजूत झाली असती.

दुसरा पर्याय माफीच्या पत्राचा. मुलाच्या वकिलांना तो फार आवडला, आणि नेमक्या त्याच कारणाने मला तो खटकला. तिसरा, निरोप पोचवण्याचा: काकूंचा प्रश्न मी मुलाला विचारायचा आणि उत्तर त्यांना आणून द्यायचं. हा बरा होता आणि काही दिवस आम्ही त्यावरच थांबलो. अडलं ते काकूंच्या एका वाक्यावर: “तुमच्या तोंडून आयकलं तर तुमचं होते नं ते.”

उरली समोरासमोर भेट. कागदावर याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात, आम्ही आपसात नुसतं ‘भेट’ म्हणतो. कल्पना नवी नाही. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात तोडफोड केलेल्या दोन तरुणांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात नेण्यात आलं, तिथून आजच्या पद्धतीची सुरुवात धरतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबासह बैठक हा नेहमीचा मार्गच केला. लंडनमध्ये लूटमार आणि घरफोडी झालेल्यांबरोबर अशा भेटींचे प्रयोग झाले, त्यांत भेट झालेल्यांमध्ये आघाताची लक्षणं कमी आढळली. आपल्या बाल न्याय कायद्यात अशा भेटीचं नाव घेऊन कलम नाही. पण कलम १८ खाली मंडळ गट समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख असे आदेश देऊ शकतं. त्या समुपदेशनाच्या चौकटीत ही तयारी बसते.

आपल्याकडे ‘भेट’ म्हटलं की ‘समजोता’ ऐकू येतो, ही खरी अडचण. महाराष्ट्राने २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम पाहिली आहे. बांधाचे आणि भावकीचे वाद मिटवायला तिचा उपयोग झाला, पण त्याबरोबर ‘चार माणसं बसली की कोणीतरी नमतं घ्यायचं’ ही समजूतही पक्की झाली. ते नमतं घेणारं माणूस बहुधा बाई असते. काकूंच्या मोठ्या जावेने आमच्यासमोरच सांगितलं, “मन मोठं कर अन् माफ करून टाक, लेकरू आहे.” त्याच दिवशी आम्ही ठरवलं की तयारीच्या कुठल्याही बैठकीत ‘माफी दे’ हे शब्द आमच्या तोंडून जाणार नाहीत, आणि जाऊबाई भेटीला नसतील.

काय केलं

मुलाने मंडळापुढे गुन्हा कबूल केला होता. नाहीतर आम्ही हे काम हातातच घेतलं नसतं. जानेवारीपासून त्याच्याबरोबर नऊ बैठका झाल्या.

पहिल्या बैठकीत तो एका दमात म्हणाला, “चूक झाली, पुन्हा होणार नाही, जी.” हे वाक्य आम्ही इतक्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकूच येत नाही. ते त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात शिकवलेलं असतं. आमच्या बैठकांत त्या वाक्यावर बंदी घातली. मग त्याच्याकडे बोलायला काहीच उरलं नाही. दोन बैठका बहुतेक गप्पच गेल्या.

तिसऱ्या वेळी मोठा कागद अंथरला. मधे ती सकाळ, भोवती ज्याला-ज्याला लागलं त्याचं नाव लिहायचं. त्याने ‘त्या बाई’ लिहिलं आणि पेन ठेवला. “त्याइले काही जास्त नाही झालं, फक्त पडल्या,” असं त्याला वाटत होतं. गाडी पुढे गेली होती, मागे वळून त्याने पाहिलंच नव्हतं. मनगट मोडल्याचं वाक्य कागदपत्रांत होतं, पण ती कागदपत्रं त्याने कधी वाचली नव्हती. काकूंच्या परवानगीने मी त्यांनी सांगितलेली यादी वाचली: पोळी लाटता येत नाही, बादली उचलत नाही, वेणी घालता येत नाही.

“मग कोण घालून देते?” त्याने विचारलं.

“कोणी नाही. केस कापले.”

तो उठून बाहेर गेला आणि वीस मिनिटांनी परत आला. त्या दिवशी कागदावर आणखी पाच नावं आली, त्यांत त्याच्या आईचंही होतं. डब्यावर जेवणारी पोरंही त्याने स्वतःहून लिहिली: “बावीस जण उपाशी का बे?” हे तो स्वतःलाच म्हणाला. मला या पोराबद्दल काही आशा वाटली ती या ‘का बे’ने.

फेब्रुवारीत घोळ झाला, आणि तो आमचा घोळ होता. मुलाच्या आईला कळलं की काकू बोलायला तयार आहेत. पत्ता तिला कागदपत्रांतून माहीत होताच. एका दुपारी ती साडी, नारळ आणि पाच हजार रुपये घेऊन काकूंच्या दारात गेली आणि पाया पडून रडू लागली. तिचा हेतू वाईट नव्हता. काकूंना मात्र एवढंच कळलं की ‘त्यांना माझं घर माहीत आहे’. त्या रात्री त्यांनी दाराला आतून पलंग लावला. पोलिसांत तक्रार करायची का, यावर घरात भांडण झालं. आम्ही आईला ‘तुम्ही तिकडे जायचं नाही’ असं कधी सांगितलंच नव्हतं. मुलाच्या तयारीत आम्ही इतके गुंतलो होतो की घरातल्या बाकीच्यांचं सुचलंच नाही.

पाच हजार परत केले, आईशी स्वतंत्र बोललो, काकूंची माफी मागितली. पुढे काही करायचं नसेल तर इथेच थांबू, असंही सांगितलं. तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला: “थांबवू नका. पण ते बाई नाही पाहिजे तिथं.”

आम्ही मार्चमधली तारीख धरली. मंडळाची सुनावणी तिच्यानंतर चार दिवसांनी होती. त्यात गैर काही आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी काकूंनी नकार दिला. “मी भेटली की त्याचं काम सोपं होईल नं? म्हणजे माझा वापर.” त्यांचं बरोबर होतं. भेटीचा अहवाल आम्ही मंडळाला देणारच होतो, आणि चांगल्या भेटीचा आदेशावर काही परिणाम होणार नाही, असं म्हणणं खोटेपणाचं झालं असतं.

ठरलं की आधी आदेश होऊ द्यायचा. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो आम्हाला काकूंनी घ्यायला लावला. वकिलांना तो आवडला नाही. मुलाला मी स्पष्ट सांगितलं: आता आलास तर तुला काही मिळणार नाही, नाही आलास तर काही जाणार नाही. तो म्हणाला, “येतो.” एप्रिलच्या शेवटी आदेश झाला: परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहायचं, गट समुपदेशन, आणि एका वाचनालयात समाजसेवा.

एक प्रश्न उरला होता, तो मोठ्या आरोपीचा. त्याचा खटला सुरू होता, काकू त्यात साक्षीदार होत्या. अशा भेटीत बोललेलं कोर्टात येणार नाही, अशी हमी आपल्याकडे कोणी देऊ शकत नाही. दोन्हीकडच्या वकिलांशी बोलून ठरवलं की मुलगा फक्त स्वतःचं सांगेल आणि काकू दुसऱ्याबद्दल विचारणार नाहीत.

भेट

जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही. जागा एका महिला मंडळाची खोली, तिला दोन दारं होती म्हणून निवडलेली. काकू दाराजवळ बसणार, मुलगा आधी येऊन बसलेला असणार, टेबल नको, हे सगळं काकूंनी ठरवलं. त्यांच्याबरोबर नणंद, मुलाबरोबर मामा, आम्ही दोघी. काकूंचा मुलगा आला नाही.

काकू बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते माझ्याशी: “कूलर बंद करा, आयकू येत नाही.” पुढचा सव्वा तास आम्ही सगळे घामाने निथळत बसलो.

मग त्या मुलाला म्हणाल्या, “हात दाखव.” आमच्या तयारीत हे नव्हतं. मी मामांकडे पाहिलं. मुलाने दोन्ही हात पुढे केले. धागा नव्हता, त्याने तो कधीच काढून टाकला होता. काकू बराच वेळ हातांकडे बघत राहिल्या, नंतर पहिल्यांदा चेहऱ्याकडे पाहिलं.

“किती दिवस होते माझ्या मागं?”

“नव्हतो, जी.”

“खोटं नको बोलू.”

“खरंच नाही. तुमच्या आधी दुसऱ्या गल्लीत एक बाई होत्या. त्याइच्याजवळ कुत्रा होता. मग गाडी वळली. तुम्ही दिसल्या.”

‘गाडी वळली’. कोणी वळवली ते नाही. व्याकरणाची ही कसरत आम्ही वकिलांबरोबर बसून केली होती आणि ती कानाला खटकत होती, पण त्या क्षणी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

“कुत्रा?” काकू म्हणाल्या.

“हो, जी. काळा.”

“म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं? डब्यावाल्या पोरानं?”

“कोणतं पोरगं?”

काकू खुर्चीत मागे टेकल्या. नणंद रडायला लागली, काकू नाही. त्यांनी पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “तो कुत्रा मले माहीत हाय.”

त्यानंतर त्यांनी मनगट, डबे, केस, दाराला लावलेला पलंग, सगळं क्रमाने सांगितलं. मुलाने मान खाली घातली तेव्हा “वर पाह्य” म्हणाल्या. शेवटी तो म्हणाला की त्याला माफी मागायची आहे, पण बाईंनी ते वाक्य बंद केलंय. बाई म्हणजे मी. काकूंना हसू आलं. त्या म्हणाल्या, “माग. पण देईनच असं नाही.” त्याने मागितली. त्यांनी दिली नाही. “पाहू,” एवढंच म्हणाल्या.

पैशांचं बोलणं मामांनी काढलं: महिन्याला ५०० रुपये, बारा हप्ते, मुलाच्या कमाईतून. काकूंनी मान्य केलं आणि हप्ता स्वतःच्या दारात येऊ नये, आमच्यामार्फत यावा, अशी अट घातली.

निष्पत्ती

काकू आता पहाटे दूध आणायला जातात, त्याच रस्त्याने. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत असते, लगड अजून डाळीच्या डब्यात आहे. डबे नऊ झालेत, बावीस होतील असं त्यांना वाटत नाही, मनगट थंडीत दुखतं. मागून गाडी आली की थांबतात, पण भिंतीला चिकटत नाहीत. ज्या विद्यार्थ्याचा डबा बंद केला होता त्याला शोधायला त्या त्याच्या खोलीवर गेल्या. तो कोर्स संपवून गावी गेला होता, घरमालकाकडे नंबर नव्हता. यावर त्या अजून बोलतात, मुलाबद्दल बोलत नाहीत तेवढं.

मुलाने समाजसेवा पूर्ण केली. सात हप्ते आले. मग कुटुंब कामासाठी बुटीबोरीकडे राहायला गेलं आणि आठवा आलाच नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मागू नका. मामांना मात्र मी दर महिन्याला फोन करते. हे लिहीपर्यंत त्याच्यावर नवा गुन्हा नाही, यापलीकडे त्याच्याबद्दल दावा करण्याइतकं माझ्याकडे काही नाही. काकूंचा मुलगा आमच्याशी बोलत नाही.

आज वेगळं काय केलं असतं

आईशी पहिल्याच आठवड्यात बोललो असतो. ‘संपर्क करू नका’ एवढंच सांगून भागत नाही. तिलाही पोराबद्दलची शरम कुठेतरी ओतायची होती, आणि तिला जागा दिली नाही म्हणून ती काकूंच्या दारात ओतली गेली. मार्चची तारीख धरायला नको होती. सुनावणीच्या आसपास भेट ठेवायची नाही, हे आता आमच्याकडे लिहून ठेवलेलं आहे. पण मंडळाचा आदेश होईपर्यंत थांबायचं म्हणजे पीडिताने कित्येक महिने प्रश्न घेऊन बसायचं, आणि काकू तशा बसल्या. त्या काळात मुलाचं एवढं एकच उत्तर, ‘कोणी हेरलं नव्हतं’, निरोपाने आधी पोचवता आलं असतं. काकूंना निरोप नको होता हे खरं, पण नेमकं काय नको आहे ते मी पुन्हा विचारायला हवं होतं. कदाचित त्या विद्यार्थ्याचा डबा वाचला असता.

काकूंच्या मुलासाठी आम्ही काहीच केलं नाही. ज्याला राग आहे त्याला बाजूला ठेवलं, कारण त्याच्याबरोबर काम करणं अवघड होतं.

आणि एक राहिलं. मागच्या महिन्यात मोठ्या आरोपीच्या खटल्यात साक्षीसाठी काकूंना समन्स आलं. ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि विचारलं, “वकिलानं विचारलं, त्या पोराले भेटल्या होत्या का, तर काय सांगू?” मी म्हटलं, भेटले होते म्हणून सांगा, जे झालं ते सांगा. त्यांनी समन्सची घडी घातली. “हे तुम्ही मले आधी सांगाले पाहिजे होतं, बाई,” त्या म्हणाल्या. वकिलांशी झालेल्या त्या बैठकीत मोठ्या आरोपीबद्दल आम्ही सगळे बोललो होतो. काकू त्या बैठकीला नव्हत्या.